पाटीवरचं नाव

आमच्या शिरवण्यात सध्या एका पाटीवरून वाद चालू आहे. एका देवळाचा सभामंडप जुना झाला, पावसाळ्यात स्लॅबमधून पाणी ठिबकतं, म्हणून तो पाडून नवा बांधायचं ठरलं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. (आमच्या गावात असं एकमत होणं ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट आहे.) घोडं अडलं ते खांबावरच्या संगमरवरी पाटीपाशी. ती नव्या मंडपात लावायची की मलब्याबरोबर जाऊ द्यायची?

पाटीवर एका गृहस्थांचं नाव आहे. ते इथे लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना त्याचा उपयोग नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी हे गृहस्थ आमच्या भागात एक ठेव योजना घेऊन आले. व्याजाचा दर असा की ऐकणारा दोनदा विचारून खात्री करून घेई. गावात तेव्हा पैसा होता. भातशेती आणि खाडीवर जगलेल्या घरांमध्ये साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे पैसे आले होते, आणि एवढ्या पैशाचं करायचं काय हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. गृहस्थांनी आधी सभामंडप बांधून दिला. मग ठेवी गोळा केल्या. दोनेक वर्षांनी ऑफिसला कुलूप.

उद्घाटनाच्या फोटोत त्यांच्या शेजारी माझे बाबा उभे आहेत, हातात नारळ. आमच्या घरचे पैसे बुडाले ते बुडालेच. पण बाबांनी शेजारच्या चार घरांना सांगितलं होतं, की जो माणूस देवाला एवढं देतो तो आपल्याला कशाला फसवेल? त्या चार घरांचेही गेले. त्यानंतर बाबा त्या मंडपात कधी बसले नाहीत. बाहेरूनच हात जोडायचे. आजी मात्र रोज जाऊन बसायची, आणि कुणी पाटीकडे बघितलं की म्हणायची, "नाव त्याचा, पैका आपला."

तर परवा चुलतभावाचा फोन आला. "तू इतिहासाची पुस्तकं वाचतोस ना, मग सांग, अशा पाटीचं काय करतात?" लगेच काही सुचलं नाही. फोन ठेवला आणि आठवला तो राजाबाई टॉवर.

जुईनगरहून लोकल पकडली की सीएसएमटी, तिथून हुतात्मा चौकावरून चालत ओव्हल मैदान. कॉलेजात असताना कितीदा त्या घड्याळात वेळ बघितली असेल. ही राजाबाई कोण, कुणी राणी-बिणी असेल, एवढीच तेव्हाची अक्कल. राजाबाई राणी नव्हती. ती प्रेमचंद रायचंद नावाच्या दलालाची आई. आणि या दलालाची गोष्ट आमच्या पाटीच्या गोष्टीपेक्षा फार वेगळी नाही, फक्त आकडे मोठे आणि माणसं मोठी.

प्रेमचंदांचा जन्म १८३१चा, सुरतेच्या जैन कुटुंबातला. मुंबईत वाढले, इंग्रजी शिकले, ऐन विशीत शेअर आणि कापसाच्या दलालीत शिरले. इंग्रजी लिहिता-बोलता येणारा देशी दलाल तेव्हा दुर्मीळच, त्यामुळे इंग्रज व्यापाऱ्यांशी त्यांचा थेट व्यवहार. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली, तिथला कापूस इंग्लंडला जाईना. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवाच होता, तो मुंबईहून जाऊ लागला. भाव असे चढले की नेहमीच्या मिळकतीच्या वर सुमारे ८ कोटी १० लाख पौंड या काही वर्षांत मुंबईत आले, असा हिशोब पुढे गॅझेटियरमध्ये नोंदला गेला.

आता एवढ्या पैशाचं करायचं काय? (प्रश्न ओळखीचा वाटतोय ना?) बँका निघाल्या. 'फायनान्शियल असोसिएशन' निघाल्या. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. १८६५च्या सुरुवातीला शहरात ३१ बँका आणि १६ फायनान्शियल असोसिएशन होत्या. यंत्र असं चालायचं: शेअर तारण ठेवून कर्ज घ्यायचं, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, त्यामुळे भाव चढायचा, चढलेल्या भावावर पुन्हा कर्ज. सगळ्यात गाजला तो बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा शेअर. ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,०००च्या घरात गेला. आणि ज्या जमिनीच्या नावावर हे चाललं होतं ती अजून पाण्याखाली होती!

या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद होते. नव्या कंपनीचे शेअर कुणाच्या वाट्याला किती यायचे, हे बऱ्याच अंशी त्यांच्या हातात. वाट्याला आले की दुसऱ्या दिवशी चढ्या भावाने विकता येत, म्हणजे शेअर मिळणं हीच कमाई. त्यामुळे त्यांच्या दारात कोण नव्हतं? व्यापारी, वकील, सरकारी अधिकारी, नावाजलेली घराणी. शहरात दवाखाने, शाळा, धर्मशाळा बांधणारी घराणी आणि प्रेमचंदांच्या यादीतली घराणी बरीचशी तीच होती. एकमेकांच्या नावाने एकमेकांची पत वाढायची. आमच्या गावच्या फोटोत एक नारळ होता, इथे अख्खी मुंबई नारळ घेऊन उभी होती असं म्हणा.

आणि याच भरात, १८६४च्या ऑगस्टमध्ये, प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. ऑक्टोबरमध्ये आणखी दोन लाख, घड्याळाच्या मनोऱ्यासाठी, आईच्या नावाने. आई अंध होती, जैन असल्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवायची, तिला वेळ कळावी म्हणून हा मनोरा, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो नसो, आईवरचं प्रेम खोटं मानायचं कारण नाही. त्या दानात मला कुठे कपट दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पुढच्याच वर्षी सगळं कोसळलं. ९ एप्रिल १८६५ला जनरल ली शरण गेला, ती बातमी मुंबईत आली आणि कापसाचा भाव घसरला. लोकांनी वायदे करून ठेवले होते: भाव आज ठरवायचा, पैसे १ जुलैला द्यायचे. १ जुलै १८६५ उजाडला आणि पैसे कुणाकडेच नव्हते. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. बॅक बेचा शेअर २,०००च्याही खाली आला. समुद्राचा जो चिंचोळा पट्टा बुजवून झाला होता तो पुढे रेल्वेच्या कामी आला, एवढंच त्या स्वप्नातलं उरलं.

पण खरं दुखणं बँक ऑफ बॉम्बेचं. ही काही उपटसुंभ बँक नव्हती. १८४०ची, सरकारचंही भांडवल असलेली. पूर्वी तिच्या कर्जावर कडक बंधनं होती. १८६३च्या कायद्याने ती सैल झाली, आणि बँक शेअरच्या तारणावर कर्जं वाटू लागली. प्रेमचंदांचा शब्द झाला की कर्ज मंजूर, असा प्रकार. सुमारे दोन कोटींच्या भांडवलातलं बहुतेक सगळं बुडालं. एके काळी २,८५० रुपयांना गेलेला तिचा शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८मध्ये बँक गुंडाळावी लागली, सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याने कायद्याला दोष दिला, बँकेच्या सेक्रेटरींना दिला, आणि डोळे मिटून बसलेल्या संचालकांनाही दिला. हे संचालक म्हणजे शहरातली प्रतिष्ठित माणसं. त्यांनी चोरी केली नाही. त्यांनी विचारलं नाही.

या पडझडीत मराठी माणसाला ओळखीचं असलेलं नाव म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. गोरगरिबांना फुकट औषध देणारा डॉक्टर, शिलालेख वाचणारा पंडित, मुलींच्या शिक्षणासाठी झटणारा माणूस. या शेअरच्या वावटळीत त्यांचीही पुंजी गेली. १८७४ साली ते वारले. ज्या संग्रहालयाला १९७५ साली त्यांचं नाव दिलं, त्यासाठी त्यांनी वर्गणी जमवण्यात पुढाकार घेतला होता. बांधकाम १८६२ला सुरू झालं, पण मंदीत पैसा आटला, शेवटी सरकारने ते पूर्ण केलं आणि १८७२ला ते उघडलं. शहाणा माणूस फसत नाही असं कुणी म्हटलं की मला भाऊ दाजी आठवतात. आणि हो, बाबाही.

जमशेटजी जीजीभॉय यांच्या घराण्याचीही एक गोष्ट आहे. थोरले सर जमशेटजी म्हणजे दानशूरपणाचं दुसरं नाव, जे. जे. हॉस्पिटलवाले. (त्यांच्या संपत्तीत चीनच्या अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता, हेही खरं. मुंबईच्या दगडी इमारतींखाली काय काय पुरलंय ते खणत बसलो तर रात्र पुरणार नाही.) त्यांचे चिरंजीव रुस्तमजी. त्यांनी हिंदी तरुणांनी विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हावं म्हणून दीड लाख रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. त्या शिष्यवृत्तीवर १८६४ साली कलकत्त्याहून व्योमेशचंद्र बॅनर्जी गेले, मुंबईहून फिरोजशहा मेहता गेले. एक पुढे काँग्रेसचे पहिले अध्यक्ष, दुसरे मुंबई महापालिकेचे सिंह. पण मेहता लंडनला शिकत असतानाच रुस्तमजींचं दिवाळं निघालं आणि शिष्यवृत्ती थांबली. पुढचा खर्च वडिलांनी उचलला.

इथे मी जरा थांबलो. दोन दानं, एकाच सुमाराची, एकाच लाटेतली. रुस्तमजींचं दान लाटेबरोबर गेलं. प्रेमचंदांचं राहिलं, कारण ते पैसे विद्यापीठाच्या हातात पडले होते. देणारा बुडाला तरी चार लाखांवर व्याज चढत राहिलं. १ मार्च १८६९ला पायाभरणी झाली, म्हणजे बँक ऑफ बॉम्बे बुडाल्याच्या दुसऱ्याच वर्षी! १८७८च्या नोव्हेंबरात मनोरा पुरा झाला, २८० फूट उंच, आराखडा इंग्लंडच्या सर गिल्बर्ट स्कॉटचा, ग्रंथालयासकट खर्च सुमारे साडेपाच लाख. तेव्हा शहरात बुडीत खातेदार जिवंत होते, भागधारक जिवंत होते. ते ओव्हलवरून जाताना वर बघून काय म्हणत असतील? माझ्या आजीचंच वाक्य गुजरातीत, मराठीत, इंग्रजीत म्हणत असतील.

प्रेमचंदांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख दिले होते. त्यांच्या नावाची तिथली शिष्यवृत्ती १८६६पासूनची, म्हणजे कोसळल्यानंतरच्या वर्षातली. तारखा शेजारी ठेवल्या की हिशोब अवघड होतो. धनकोंचे पैसे अडकलेले आणि विद्यापीठाला दान! पण त्याच शिष्यवृत्तीचा मान मिळवलेल्यांच्या यादीत आशुतोष मुखर्जी आहेत, जदुनाथ सरकार आहेत. जदुनाथांनी पुढे १९१९ साली शिवाजी महाराजांवरचं त्यांचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं, ज्याच्याशी महाराष्ट्रातले इतिहासकार आजतागायत भांडतात. आता हा पैसा चांगला की वाईट?

टाटांचंही नाव या गोष्टीत येतं. नसरवानजी टाटांच्या पेढीचे प्रेमचंदांशी धंद्याचे संबंध होते. तरुण जमशेटजी तेव्हा लंडनला होते. कापूस कोसळला, हातातल्या हुंड्या कवडीमोल झाल्या, आणि त्यांनी सरळ धनकोंना बोलावून खरी परिस्थिती सांगितली. धनकोंनी त्यांनाच महिना वीस पौंड पगारावर त्यांच्याच पेढीची आवराआवर करायला नेमलं. मनोऱ्याची २०१३ ते २०१५ या काळात डागडुजी झाली, तिला सुमारे चार कोटी रुपये दिले टाटांच्याच टीसीएसने. २०१८ साली परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. दीडशे वर्षांनी सगळं कसं स्वच्छ धुऊन निघालं, दगडसुद्धा.

प्रेमचंद स्वतः या पडझडीनंतर चाळीस वर्षं जगले. १८७५ साली दलालांची जी संघटना झाली, म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार, तिच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतात. १९०६ साली ते गेले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ला नव्याने उभी राहिली, १९२१ला इंपीरियल बँकेत गेली, तीच १९५५ला स्टेट बँक झाली. १९९२ साली हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर आलं ते याच स्टेट बँकेच्या हिशोबातल्या भगदाडावरून. आणि अगदी अलीकडे, २०१९ साली, अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या विद्येच्या माहेरघरी जेफ्री एपस्टीनच्या देणग्या घेतल्याचं उघड झालं, मीडिया लॅबच्या संचालकांना राजीनामा द्यावा लागला. तिथे तर गुन्हा आधीच शाबीत झालेला होता, आणि तरी पैसे घेतले गेले. म्हणजे शिकलेल्यांनी आम्हाला, शिरवण्याच्या लोकांना, नावं ठेवू नयेत.

हे सगळं वाचून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. दान दोन कामं करतं. एक, ते काहीतरी उभं करतं: मनोरा, ग्रंथालय, सभामंडप. दुसरं, ते देणाऱ्याला जामीन राहतं. पहिलं काम डोळ्यांना दिसतं, शंभर वर्षं टिकतं. दुसरं दिसत नाही, वर्ष-दोन वर्षांत आटोपतं, आणि घात तिथे होतो. देणाऱ्याच्या मनात तसा डाव असो वा नसो. प्रेमचंदांच्या मनात नसेलही. आमच्या गृहस्थांच्या मनात होता असं गावात सगळेच म्हणतात. पण जामीन दोन्हीकडे चालला, कारण तो मान्य करणारे आपण होतो. बँकेच्या संचालकांनी तारण तपासलं नाही, बाबांनी पावती तपासली नाही. मंडप समोर होता ना!

मग पाटीचं काय? काढून टाकावी, असं तरुण पोरं म्हणतात. त्यांचा राग मला समजतो. पण पाटी गेली तर वीस वर्षांनी मंडप गावाने बांधला असं लोक सांगतील, आणि पुन्हा कुणी मंडप बांधून द्यायला आला तर आठवण करून द्यायला काहीच नसेल. आहे तशी ठेवावी, असं म्हातारे म्हणतात, दान ते दान. पण नुसती ठेवली तर ती अजूनही जामीनच राहते. राजाबाई टॉवरखाली रोज हजारो माणसं जातात, त्यातल्या किती जणांना बँक ऑफ बॉम्बे माहीत आहे? मला कुठे माहीत होती!

मी भावाला सांगितलं: नव्या मंडपात जुनी पाटी लावा. नाव खोडू नका. तिच्या खाली तेवढीच दुसरी पाटी लावा, साध्या काळ्या दगडाची. त्यावर सालं लिहा, आणि लिहा की या मंडपाला लागलेले पैसे गावाच्या आणि आजूबाजूच्या ठेवीदारांचे होते, ते त्यांना परत मिळाले नाहीत. बस, शिवीगाळ नको.

भाऊ म्हणाला, "लिहू. पण मग लोक विचारतील, ठेवी ठेवायला सांगितलं कुणी?"

बरोबर आहे. विचारतील.

रविवारी गावकीची बैठक आहे. आई म्हणते, पाटीचं बोल, पण बाबांचं काढू नकोस, गेलेल्या माणसाचं कशाला. काकूही तेच म्हणतील, त्या हे वाचत असतील तर आधीच माफी मागतो. पण मला वाटतं बाबांना ते चालेल. उरलेली सगळी वर्षं ते बाहेर उभे राहिले, ते काही गुडघ्यांसाठी नाही. त्या चार घरांतली दोन अजून आमच्या आळीत आहेत. बैठकीत पहिलं बोलायचं ते त्यांच्याकडे बघून बोलायचं, असं ठरवलंय.

असो. काय ठरतं ते कळवीनच.